कातड्यातला पीळ

१९५४ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील ‘नेचर’ या साप्ताहिकात एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. कोलॅजेन या द्रव्याचे अणू एकमेकांशी कसे जुळलेले असतात, याची मांडणी त्यात होती. क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थाचे अंतरंग उलगडण्याच्या शास्त्रात भारतीयांनी जी भर घातली, तिच्यात या लेखाचे स्थान फार वरचे आहे. कोलॅजेन म्हणजे कातड्याचे मूळ द्रव्य. सोललेल्या कातड्यातले पाणी, चरबी आणि केस काढून टाकले की जे उरते ते बहुतांश कोलॅजेनच असते.

ज्यांच्या पिढ्या या द्रव्यात हात बुडवून जगल्या, त्यांच्या घरांपर्यंत या लेखाची वार्ता पोचायला साठेक वर्षे लागली. मी ढोर समाजातला आहे. भोर तालुक्यातल्या आमच्या गावी माझे आजोबा कातडी कमावीत. घरातला पहिला पदवीधर मी. आज एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवितो. पदव्युत्तर वर्गात असताना स्फटिकशास्त्राच्या तासाला रामचंद्रन यांचे नाव प्रथम कानावर आले. फळ्यावर कोलॅजेनची आकृती काढली गेली, तिची गणिते सोडविली गेली. कातडे हा शब्द मात्र त्या तासात एकदाही उच्चारला गेला नाही. तो शब्द त्या इतिहासात परत आणून ठेवणे, एवढेच या लेखाचे प्रयोजन आहे.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे तालुके. (वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्याचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) तोरणा, राजगड, रोहिडा हे किल्ले, कानद खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ ही नावे शिवचरित्र वाचणाऱ्यांना पाठ असतात. त्यांतले हिरडस हे नाव ऐकले की बाजी प्रभू आठवतात आणि बांदल देशमुख आठवतात. हिरडा कोणाला आठवत नाही. नीरेच्या वरच्या अंगाला त्या मावळात हिर्डोशी नावाचे गावही आहे. नावाची व्युत्पत्ती काय ती भाषातज्ज्ञांनी ठरवावी. पण पश्चिमेकडच्या या पावसाळी डोंगरांत हिरड्याची झाडे आहेत, आणि महादेव कोळी, कातकरी अशा लोकांनी ते फळ वेचून वाळवून बाजारात आणले आहे, यात वाद नाही. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो तशी बाभूळ सुरू होते. हिरडा डोंगराचा, बाभूळ देशाची. कातडे कमावायला दोन्ही लागतात.

हिरड्याची एक गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते. वैद्याच्या खलबत्त्यात हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होते. तिथे हिरड्याला आईची उपमा देतात. तोच हिरडा ढोराच्या कुंडात पडला की ते पाणी विटाळाचे. फळ तेच, त्यातला तुरट रस तोच. इंग्रजी अमदानीत हाच हिरडा मुंबई बंदरातून पोत्यांनी विलायतेला जाई, तिथल्या चामड्याच्या कारखान्यांसाठी. साहेबाच्या बुटात शिरताना त्याला विटाळ लागला नाही.

कातडे कमावण्याची आमची रीत अशी होती. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवायचे. केस सुटले की रापीने खरडायचे, आतल्या बाजूचे मांस काढायचे, चुना धुऊन टाकायचा. मग कातडे शिवून त्याची पिशवी करायची, लाकडी तिकाटण्याला टांगायची आणि तिच्यात बाभळीच्या सालीचे व कुटलेल्या हिरड्याचे पाणी भरायचे. खाली झिरपलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. हे दिवसेंदिवस चाले. त्या कातड्यातून मोट होई, पखाल होई. मोटेने विहिरीचे पाणी उपसून शेत भिजे, बामणाची केळही भिजे. मोट विहिरीत उतरे. ती बनविणाऱ्याला मात्र त्या विहिरीला हात लावता येत नसे.

या कामाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. मेलेले जनावर ओढून नेणे आणि सोलणे महाराकडे, कातडे कमावणे ढोराकडे, कमावलेले शिवणे चांभाराकडे, आणि ज्या नाड्याने मोट ओढायची तो वळणे मांगाकडे. चौघांचे हात एकाच वस्तूवर पडत. पण चौघांत रोटीव्यवहार नव्हता. चांभार ढोराला खालचा मानी, ढोर महाराला, महार मांगाला. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त १९३६ साली सांगितले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ते कळायला आम्हांला ग्रंथ उघडण्याची गरज नव्हती. मोट पाहिली तरी पुरे होते.

आता क्ष-किरणांकडे येऊ. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांनी हे किरण शोधून काढले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसली. कातडी मात्र जवळजवळ अदृश्य झाली. लोकांना त्या छायाचित्राची भीती वाटली आणि नवलही वाटले. दवाखान्यातला एक्स-रे आपण ओळखतो तो हाच. परंतु या किरणांचा दुसरा उपयोग अधिक खोल जाणारा आहे. १९१२ साली म्युनिक येथे माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेनुसार फ्रिडरिख आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या खड्यातून क्ष-किरणांचा झोत पाठविला. मागे ठेवलेल्या काचेवर ठिपक्यांची आकृती उमटली. खड्यातले अणू शिस्तीने ओळीत बसलेले आहेत आणि क्ष-किरण या लाटा आहेत, या दोन्ही गोष्टी त्या ठिपक्यांनी एकदम सिद्ध केल्या.

याचे तत्त्व समजणे अवघड नाही. भाटघरच्या जलाशयात दोन दगड जवळजवळ एकाच वेळी टाकले तर त्यांच्या लाटा एकमेकींना भेटतात. कुठे पाणी दुप्पट उचलते, कुठे सपाट राहते. कोणत्या जागी काय होईल हे दोन दगडांतल्या अंतरावर ठरते. म्हणून लाटांची नक्षी पाहून, दगड न पाहताही, त्यांतले अंतर काढता येते. अणूंच्या ओळींवरून परतणाऱ्या क्ष-किरणांचे असेच होते. एक मिलिमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. अणू-अणूंतली अंतरे एक-दोन अँगस्ट्रॉमची असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लाट चार ते सात हजार अँगस्ट्रॉम लांब, त्यामुळे कोणतेही भिंग लावले तरी प्रकाशाने अणूंची मांडणी दिसणार नाही. तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांची लाट १.५४ अँगस्ट्रॉमची, म्हणजे बरोबर मापाची. ठिपक्यांच्या कोनावरून अंतर कसे काढायचे याचे सूत्र इंग्लंडात लॉरेन्स ब्रॅग यांनी दिले. १९१५ साली त्यांना वडिलांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे होते. भारतात कलकत्त्याला केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० च्या सुमारास नॅफ्थॅलीन आणि अँथ्रॅसीन यांच्या स्फटिकांची रचना याच मार्गाने शोधली.

मीठ, हिरा, मोरचूद यांचे स्फटिक असतात. कातड्याचे काय? इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कापूस, लोकर, रेशीम, कातडे हे पदार्थ तंतूंचे बनलेले आहेत. तंतू एका दिशेने नीट लागलेले असतात, इतर दिशांनी विस्कळीत. म्हणून त्यांच्या छायाचित्रात रेखीव ठिपक्यांऐवजी फिकट कमानी उमटतात. त्या वाचणे हे फार कष्टाचे काम. इंग्लंडात लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकरीच्या धंद्याच्या आधाराने हे काम १९३० नंतर पुढे नेले. कोलॅजेनच्या छायाचित्रात तंतूच्या दिशेने २.८६ अँगस्ट्रॉमची एक कमान हटकून येते, हे तेव्हा ठाऊक झाले होते. तिचा अर्थ मात्र लागत नव्हता. रसायनपंडित लायनस पॉलिंग यांनी १९५१ साली कोलॅजेनची एक रचना सुचविली, ती चुकीची ठरली.

जाता जाता शब्दाविषयी. कोलॅजेन हा शब्द ग्रीक भाषेतून बनविलेला आहे आणि त्याचा अर्थ ‘सरस निर्माण करणारे’ असा होतो. कातडी आणि कंडरा उकळून सरस काढणारे लोक युरोपातही होतेच. प्रयोगशाळेने त्यांच्या धंद्याचा शब्द उचलला, ग्रीक पोशाख चढवून घेतला.

रामचंद्रन १९५२ साली मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून आले. वय अवघे ३०. त्यापूर्वी बंगलोरला चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली आणि नंतर केंब्रिजला त्यांचे शिक्षण झाले होते. त्या सुमारास इंग्लंडचे विख्यात स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की कोलॅजेनच्या रचनेचे कोडे अजून कोणी सोडविलेले नाही. विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, ती स्थापन झाली होती. तिथून कोलॅजेनचे नमुने मिळाले. पण स्पष्ट छायाचित्रासाठी ज्यात तंतू अतिशय सरळ लागलेले आहेत असा नमुना हवा होता. तो ऑस्ट्रेलियाहून मागविलेल्या कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेत सापडला. कंडरा म्हणजे मांस हाडाला बांधून ठेवणारी पांढरी दोरी. जनावर सोलणाऱ्याच्या सुरीखाली ती रोज येते.

छायाचित्र हाती आले तरी त्यातून रचना आपोआप बाहेर पडत नाही. दुसरीकडून रसायनशास्त्राचा पुरावा जोडावा लागतो. कोलॅजेन हे प्रथिन आहे आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. कोलॅजेनच्या माळेत दर तीन मण्यांमागे एक मणी ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा असतो, हे प्रमाण ठाऊक होते. रामचंद्रन आणि कार्था यांनी विचारले, नेमका एक-तृतीयांश का? त्यांचे उत्तर असे: तीन माळा शेजारी शेजारी, एकमेकींना टेकून चालल्या आहेत. तिघी जिथे आत भेटतात तिथे जागा इतकी अरुंद आहे की फक्त ग्लायसीनच मावू शकते. म्हणून प्रत्येक माळेतला दर तिसरा मणी ग्लायसीन, आणि तो आतल्या बाजूला. १९५५ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. तीन माळा नुसत्या समांतर नाहीत. प्रत्येक माळेला स्वतःचा डावा पीळ आहे आणि तिघी मिळून एकमेकींभोवती उजव्या पिळाने गुंडाळल्या आहेत. २.८६ अँगस्ट्रॉमच्या कमानीचा अर्थ आता लागला. माळेतला एक मणी चढला की दोरीच्या लांबीत तेवढी भर पडते. अशा एका दोरीची लांबी सुमारे ३००० अँगस्ट्रॉम आणि जाडी १५ अँगस्ट्रॉम.

केंब्रिजच्या रिच आणि क्रिक यांनी आक्षेप घेतला. काही अणू वाजवीपेक्षा जवळ येतात, माळांमधले बंध दोन नसून एकच असावा, असे त्यांचे म्हणणे होते. तपशिलात त्यांची दुरुस्ती टिकली. तीन पेडांची दोरी ही मूळ कल्पना मद्रासचीच राहिली. त्या वादातूनच, अणू किती जवळ येऊ शकतात याचा रामचंद्रन यांनी मुळापासून विचार केला आणि १९६३ साली रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह प्रथिनांच्या वळणांचा तो नकाशा काढला, जो आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९९४ मध्ये अमेरिकेत बेला, ईटन, ब्रॉडस्की आणि बर्मन यांनी कोलॅजेनसारख्या एका छोट्या रेणूचा खरा स्फटिक करून त्याची रचना क्ष-किरणांनी तपासली. तीन पेड आणि पीळ तिथे प्रत्यक्ष दिसले.

डावा आणि उजवा पीळ ही बाब विद्यार्थ्यांना फळ्यावर समजत नाही. मलाही ती पुस्तकात नीट समजली नव्हती. वेल्ह्याकडच्या एका गावातल्या मातंग वस्तीत घायपाताचा दोर वळणारे एक म्हातारे बाबा आहेत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वाख मांडीवर घेतला, आधी एकेका पेडाला एका अंगाने पीळ भरला आणि मग तिन्ही पेड दुसऱ्या अंगाने एकत्र वळले. मी विचारले, “बाबा, सगळा पीळ एकाच अंगाने दिला तर?” ते हसले. “मास्तर, उलटा पीळ दिल्याबिगर दोर धरत न्हाई. सोडला की उकलतोय.” पेड सुटू पाहतो तेव्हा दोर आवळतो, दोर सुटू पाहतो तेव्हा पेड आवळतो. कोलॅजेन ताणाला का दाद देत नाही, मोट पाण्याच्या भाराने का फाटत नाही, याचे उत्तर यात मोठ्या अंशाने आहे.

यावरून काही मित्र उत्साहाने म्हणतात, बघा, आमच्या पूर्वजांना हे सगळे आधीच माहीत होते! मला हे मान्य नाही. वेदांत विमाने शोधणाऱ्यांची आपण चेष्टा करतो. मग तोच खेळ आपण आपल्या वस्तीत का मांडावा? बाबांना दोर ठाऊक होता, प्रथिनाची माळ ठाऊक नव्हती. आजोबांना कातडे ठाऊक होते, त्यातले पेड ठाऊक नव्हते. त्यांचे ज्ञान हाताचे होते, कसोटीला उतरलेले होते, आणि तेवढेच सांगितले तरी त्याला कमीपणा येत नाही.

दुसरे मित्र म्हणतात, कोलॅजेन गाईच्या कातड्यात तसेच माणसाच्या कातडीत, ब्राह्मणाच्या तसेच महाराच्या. तेव्हा विज्ञानाने अस्पृश्यता खोटी ठरविली. हे खरे आहे. बैलाच्या आणि माणसाच्या कातडीतल्या या दोरीत किरकोळच फरक आहे, माणसा-माणसांत जातीप्रमाणे तर काहीच नाही. परंतु हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. जातिव्यवस्थेने द्रव्याची परीक्षा केली होती कधी? पखवाजावर कातडेच असते आणि पखवाज गाभाऱ्यासमोर वाजतो. तपस्वी मृगाजिनावर बसतो. द्रव्य बाटलेले नव्हतेच. बाटविला गेला तो माणूस. ज्या आरोपाला द्रव्याचा पुरावा कधी लागलाच नाही, तो द्रव्याच्या पुराव्याने कसा मिटेल? क्ष-किरणांचे छायाचित्र दाखवून जात गेली असती तर प्रयोगशाळांतून ती केव्हाच हद्दपार व्हायला हवी होती.

प्रयोगशाळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी आजोबांच्या हातच्या एका जुन्या वादीचा तुकडा मी क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासून घेतला. ती संस्था कोणती, हे महत्त्वाचे नाही. नोंदवहीत नमुन्याच्या नावापुढे मी ‘हिरडा-बाभूळ कमावलेले कातडे’ असे लिहिले. तिथल्या गृहस्थांनी नमुना कोणाचा, कुठला, असे विचारले. मी घरचा म्हणून सांगितले. त्यानंतर त्यांनी तो चिमट्याने उचलला, आणि चिमटा धुतला. इतर नमुन्यांनंतर त्यांनी तो धुतल्याचे मी पाहिले नव्हते. आलेख मात्र स्वच्छ आला. साधारण आठ अंशांपाशी एक लहान उंचवटा, वीस अंशांच्या आसपास एक रुंद टेकडी. पहिला उंचवटा शेजारशेजारच्या दोऱ्यांमधल्या अंतराचा, तो सुमारे ११ अँगस्ट्रॉम भरतो. कांगारूच्या कंडरेत हे अंतर कोरडेपणी जवळजवळ एवढेच असते. ओली केली की ते चौदा-पंधरापर्यंत फुगते. आजोबांच्या हातचे कातडे इतक्या वर्षांनी आपली ओळ धरून होते.

हिरडा या रचनेत नेमके काय करतो हेही आता बरेच कळले आहे. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. त्यांचे रेणू मोठे असल्यामुळे ते तीन पेडांच्या आत शिरत नाहीत. दोरी-दोरीच्या मधल्या फटींत बसतात आणि असंख्य लहान बंधांनी आजूबाजूच्या दोऱ्यांना धरून ठेवतात. चुना आधी का, याचेही कारण यातच आहे. चुन्याने तंतू सैल होतात आणि टॅनिनला वाट मिळते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ अशी आपली म्हण आहे. कच्च्या कातड्याचे उलट आहे. पाण्यात साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापले की पीळ उलगडतो, कातडे आक्रसते, पुढे त्याचा सरस होतो. हिरडा-बाभळीने कमावल्यावर हाच पीळ पंचाहत्तर ते पंच्याऐंशी अंशांपर्यंत टिकतो. क्रोमने कमावलेले कातडे तर उकळत्या पाण्यातही टिकते. जुने धंदे त्याने मोडले त्यामागे हे एक कारण आहे.

आजोबा कुंडातले पाणी बोटाने जिभेवर लावून पाहत. पाणी ‘धरते’ की नाही हे त्यांना चवीवरून कळे. लहानपणी मला त्याची किळस येई. तुरट चव म्हणजे काय हे नंतर वाचले. लाळेत काही प्रथिने असतात, टॅनिन त्यांना पकडते, जीभ कोरडी पडते. त्या भावनेला आपण तुरट म्हणतो. लाळेतल्या त्या प्रथिनांत प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असते, आणि कोलॅजेनमध्येही ते भरपूर असते. म्हणजे कातड्यावर जी क्रिया व्हायची तीच आजोबा आपल्या जिभेवर करून पाहत होते. ही परीक्षा कोणत्याही ग्रंथात नोंदलेली मला आढळली नाही.

इथे एका अवघड गोष्टीला हात घालावा लागतो. भोरहून वरंधा घाट उतरले की महाड. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तिथे परिषद भरली, बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा असे बजावले, आणि पुढे गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले. आमच्या घरात ही आठवण आदराने सांगितली जात नसे. पणजोबा म्हणत, “त्यांनी ओढायचं सोडलं, आता आम्ही काय कमवायचं?” हा राग महारांवर होता, ज्या गावाने ते काम त्यांच्या गळ्यात बांधले होते त्या गावावर नव्हता. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वर्ध्याजवळ नालवाडीला १९३० नंतर गांधीवादी मंडळींनी चर्मालय काढले, सुधारलेल्या पद्धतीने मृत जनावरांचे कातडे कमावण्याचा प्रयोग केला. उद्देश चांगला होता. पण धंदा सुधारला की माणसाचा मान सुधारतो हे त्यांचे गृहीत बाबासाहेबांनी मानले नाही, आणि ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये ऊना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना जी मारहाण झाली ती पाहता बाबासाहेबांचेच खरे होते असे म्हणावे लागते. धंदा सोडणे हाच मुक्तीचा मार्ग होता. माझ्या वडिलांनी तो सोडला, म्हणून मी हे लिहू शकतो.

धंदा सोडला, त्याबरोबर त्याचे ज्ञानही मातीत टाकले, हे मात्र मला पटत नाही. मद्रासच्या संस्थेचे पुढे संचालक झालेले वाय. नायुदम्मा हे शेतकरी घरातले. चामडे हा विषय त्यांनी देशाच्या विज्ञानात मानाने बसविला. (१९८५ च्या कनिष्क विमान अपघातात त्यांचा अंत झाला.) त्या तोडीचे काही करणे माझ्या आवाक्यात नाही. मी भोर-वेल्ह्याच्या गावांतून, जे थोडे म्हातारे लोक उरले आहेत त्यांच्याकडून, कुंडात काय किती घालत, किती दिवस ठेवत, कोणत्या महिन्यातला हिरडा घेत, याची टिपणे करीत आहे. बाळहिरडा आणि पिकलेला हिरडा यांचा कातड्यावर होणारा परिणाम वेगळा असतो असे तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले. हे क्ष-किरणांवर तपासता येण्यासारखे आहे: दोन तुकडे घ्यायचे, दोन हिरड्यांनी कमवायचे, आठ अंशांपाशचा तो उंचवटा कुठे सरकतो ते पाहायचे. माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी येत्या उन्हाळ्यात ते करायचे ठरविले आहे. त्यातल्या एकीच्या आईने कातडे घरात आणायला साफ मनाई केली. तेव्हा कुंड आमच्या गावी, आजोबांच्या जुन्या जागेवर मांडायचे ठरले. तिथल्या दगडी डोणी अजून शाबूत आहेत. हल्ली त्यांत शेजारच्या म्हशी पाणी पितात, त्यांना चार दिवस दुसरीकडे नेण्याविषयी त्यांच्या मालकाशी बोलणे चालू आहे.